डावी बाही

चर्र!

हा आवाज मास्तरांनी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ते नुकते शिलाईच्या मशीनवर बसायला लागले होते. त्यांच्या उस्तादांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मास्तरांनी शिवलेल्या पहिल्या कोटाची बाही एका झटक्यात उसवली होती. का, तर कच्चा टाका काढायचा राहिला होता. (मशीनची टीप पडेपर्यंत कापड जागेवर राहावं म्हणून पांढरा दोरा घालतात, तो.) "असा कोट घालून माणूस बाहेर पडला, तर लोक त्याला हसतील की तुला?" उस्तादांनी विचारलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षांत मास्तरांच्या दुकानातून एकही कच्चा टाका बाहेर गेला नाही.

परवा एका नवरदेवानं शिवलेला कोट नेताना म्हटलं, "मास्तर, लग्नाला नक्की या." असं सगळेच म्हणतात. जात कोणी नाही. मास्तरांनी मात्र जायचं ठरवलं. कोट कसा बसलाय ते लांबून बघायचं आणि मुकाट्यानं परत यायचं, एवढाच बेत.

"तिथं तुमच्या ओळखीचं कोण आहे?" बायकोनं विचारलं.

"नवरामुलगा."

"नाव काय त्याचं?"

"छाती अडतीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता."

बायकोनं कपाळावर हात मारला. "बरं, चष्मा तरी घ्या. आणि अहो, त्या डाव्या बाहीला टीप मारलीत ना? मला आतून एकाच बाहीचं मशीन ऐकू आलं."

"चाळीस वर्षं शिवतोय मी!" असं म्हणून मास्तर निघाले. चष्मा अर्थातच घरी राहिला.

हॉलमध्ये मास्तर शेवटच्या रांगेत बसले. ओळखीचा एक चेहरा नाही; पण खांदे, पोटं, कॉलरी बघण्यात त्यांचा वेळ बरा जात होता. मग नवरदेव स्टेजवर वळला. डाव्या खांद्याच्या मागे पांढरा दोरा लोंबत होता! (मास्तरांना लांबचं लख्ख दिसतं. अडतं ते जवळचं.)

मास्तर उठले. फोटो काढायच्या आत तो दोरा निघालाच पाहिजे. आता कोणी आडवं आलं तरी माघार नाही.

भेटायला आलेल्यांची रांग दारापर्यंत गेली होती. मास्तर कडेकडेनं पुढे सरकू लागले. एका जाड्या मामांनी अडवलं. "आजोबा, तुम्ही कोणाकडचे?"

"कोटाकडचा," मास्तर म्हणाले आणि मामा विचारात पडले तोवर पुढे गेले.

स्टेजवर पोहोचल्यावर त्यांनी नवरदेवाच्या मागे जाऊन चाचपडत दोरा धरला, आणि हळूच ओढला.

चर्र!

डावी बाही खांद्यापासून सुटली. बायकोनं एकाच बाहीचं मशीन ऐकलं होतं ते खरंच होतं. ही बाही त्या कच्च्या टाक्यावरच लग्नाला आली होती! मास्तरांनी झटकन दोन्ही हातांनी खांदा घट्ट धरला.

"कोण आहे?" नवरदेव दचकला.

"मी, मास्तर. हलू नकोस."

"मास्तर, हात काढा ना, फोटो चाललाय."

"काढतो. पण बाही बरोबर येईल."

नवरदेव पुतळ्यासारखा उभा राहिला. पाहुणे येत होते, फोटो निघत होते, आणि प्रत्येक फोटोत नवरदेवाच्या खांद्यामागून मास्तर डोकावत होते.

"किती जीव आहे हो नातवावर!" मुलीची मावशी गहिवरली.

"मुलीकडचे दिसतात," मुलाची आत्या कुजबुजली. "मुलगा पळून जाऊ नये म्हणून उभे केलेत वाटतं."

मास्तरांच्या कॉलरखाली सुई कायम खोचलेली असते. हातात तोच ओढलेला दोरा होता. पण सुईत दोरा ओवायचा कसा? जवळचं दिसत नव्हतं आणि खांदा सोडता येत नव्हता.

"पोरी," शेवटी ते नवरीला म्हणाले, "माझ्या कॉलरखालची सुई काढ, आणि एवढा दोरा ओवून दे गं. तुझ्या नवऱ्याची अब्रू आहे. माझीही."

नवरीनं एकदा नवऱ्याच्या खांद्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटून हसू दाबलं, दोऱ्याचं टोक जिभेनं ओलं केलं आणि एका फटक्यात सुई ओवून दिली. मास्तरांनी अंदाजानंच सात टाके घातले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, दीडदोनशे माणसांसमोर, स्वतःच्या हातानं घातलेले कच्चे टाके!

घरी बायकोनं विचारलं, "कसं झालं लग्न?"

"चांगलं झालं. मी आपला मागे बसलो होतो. कुणाचं लक्षही गेलं नाही माझ्याकडे."

"आणि बाही?"

"बाहीला काय झालंय! बाही बाहीच्या जागी होती." (यात एक अक्षर खोटं नव्हतं.)

पंधरा दिवसांनी, मास्तर बाहेर गेलेले असताना, नवरदेव आणि नवरी येऊन दुकानात एक फोटो देऊन गेले. चांगला हातभर मोठा, काचेच्या फ्रेममधला. मधोमध नवरदेव श्वास रोखून उभा. मागे त्याचा खांदा कवटाळलेले मास्तर. आणि शेजारी डोळे बारीक करून सुई ओवणारी नवरी.

मास्तर परतले तेव्हा बायको फोटो हातात धरून उभी होती. तिनं फोटो पाहिला. मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी घाईघाईनं तीन उत्तरं तयार केली, पण तिनं काही विचारलंच नाही. मशीनसमोरच्या खिळ्यावरची मापाची टेप तिनं काढली, तिथं तो फोटो टांगला, सरळ आहे का ते मान तिरकी करून बघितलं, फ्रेमच्या कोपऱ्याला मास्तरांचा चष्मा अडकवला, आणि ती आत निघून गेली.