परिचय संमेलन, सर्व वयोगटांसाठी

फोनवरच्या बाईंनी आधी आवाज खाली केला आणि मग विचारलं, “ताई, आमचं जरा जुनं आहे. चालेल का?”

“चालेल की!” निवेदिता उत्साहानं म्हणाली. “किती जुनं?”

“बेचाळीस पूर्ण.”

“अहो, बेचाळीस म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे शंभरी गाठलेली आहेत. हात लावला की तुकडे पडतात, पाठ तर केव्हाच सुटलेली, तरी लोक आवडीनं घरी नेतात.”

मग बाईंनी धीर करून विचारलं, “आणि एकदा जाऊन परत आलेलं असेल तर?”

“मग तर उत्तमच. ज्याला मागणी असते तेच जातं-येतं. नुसतं कपाटात पडून राहिलेलं काय कामाचं?”

“ताई, तुमच्या तोंडात साखर पडो,” बाई गदगदून म्हणाल्या. “आजपर्यंत असं कोणी बोललं नव्हतं. रविवारी घेऊन येते.”

निवेदितानं फोन ठेवला. जुन्या पुस्तकावर माणसांचा इतका जीव असू शकतो, याचं तिला कौतुक वाटलं. सकाळपासून असे किती तरी फोन आले होते. एका गृहस्थांनी “आमच्याकडे दोन आहेत, दोन्ही आणू का?” असं विचारलं, तेव्हा तिनं नियमावर बोट ठेवून सांगितलं, “माणशी एकच. जे आधी जावं असं वाटतं ते आणा.” ते म्हणाले, “मग थोरलीला आणतो.” थोरली म्हणजे जाड कादंबरी असणार, असं निवेदितानं धरलं.

निवेदिता मूळची सांगलीची. नवऱ्याला, जयेशला, पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी ती इंदूरला आली आणि राजेंद्र नगरातल्या एका मराठी वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाली. पुस्तकं भरपूर, हॉल मोठा, पंखे चालू आणि माणसं नाहीत, अशी तिथली अवस्था होती. अध्यक्ष पंढरीनाथ पागे रोखठोक माणूस. सेवानिवृत्त इंजिनिअर, बायको जाऊन काही वर्षं झालेली, घरी एकटेच. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, कानामागे हिरवा रंग तसाच असताना, त्यांनी निवेदिताला सांगून टाकलं होतं, “वसंतातले कार्यक्रम करून बघा. हॉल भरला तर ठीक, नाही तर तो कोचिंग क्लासला देऊन टाकू. मग ग्रंथपालही अर्धाच दिवस लागेल.”

निवेदिता हटली नाही. मुलांसाठी गोष्टींची सकाळ ठेवली. तीन मुलं आली आणि त्यातलं एक झोपलं. ज्येष्ठांसाठी मोबाइल शिबिर ठेवलं. त्याला मात्र बरी गर्दी झाली. ज्येष्ठांनी बाकी सगळं सोडून दिलं आणि आलेला मेसेज पुढे कसा पाठवायचा एवढं पक्कं शिकून घेतलं. आता शेवटचा आणि मोठा कार्यक्रम होता पुस्तक परिचय संमेलनाचा. प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक पुस्तक आणायचं, पाच मिनिटांत त्याचा परिचय करून द्यायचा आणि ज्याला ते आवडेल त्यानं वाचायला न्यायचं.

दुपारी स्मिता आली. वाचनालयातली तिची सहकारी, जन्मापासून इंदूरची. तिनं आल्या आल्या मोबाइल पुढे धरला.

“ताई, तुम्ही चौकातला फ्लेक्स पाहिला का?”

“नाही अजून. फ्लेक्सवाला पियुष म्हणाला, छान लागलाय.”

“छानच लागलाय. बघा ना.”

फ्लेक्सवर गणपती होता. वर झेंडूचं तोरण, दोन्ही कोपऱ्यांत सनई, मधूनमधून पडणाऱ्या अक्षता. आणि गुलाबी रंगात, दुरून दिसतील अशी अक्षरं: ‘परिचय संमेलन. सर्व वयोगटांसाठी.’ खाली निवेदितानं स्वतः लिहून दिलेले नियम होते. ‘सोबत एकच आणावे. जुने असल्यास हरकत नाही. गुणदोष पाच मिनिटांत सांगावेत. आवडल्यास घरी नेता येईल. पंधरा दिवसांत परत करावे.’

“‘पुस्तक’ कुठं गेलं?” निवेदितानं विचारलं.

“ते जाऊ द्या. इथे परिचय संमेलन म्हणजे काय माहितीये ना तुम्हाला?”

“काय?”

“अरे ताई, शादी-ब्याहवालं! मुलं-मुली स्टेजवर येऊन आपापला परिचय देतात. आमच्या इंदूरमध्ये दर सीझनला होतात.”

निवेदिताला सकाळचे सगळे फोन एकदम आठवले. ‘पाठ सुटलेली’ हे स्वतःचे शब्द आठवल्यावर तिनं मोबाइल ओढला.

पियुषला फोन लावला. तो अगदी प्रसन्न होता. “दीदी, ऊपर वाचनालय लिखा है ना, तो पुस्तक तो सबको समझ में आ ही जाएगा. हटा दिया तो टाइटल कित्ता बड़ा हो गया! डिझाइन अपने पास रेडी थी. टेंशन नी लो, अभी ‘पुस्तक’ की पट्टी चिपका देता हूँ.”

संध्याकाळपर्यंत पट्टी चिकटली. स्मितानं वाचनालयाच्या ग्रुपवर ठळक अक्षरांत खुलासाही टाकला, ‘संमेलन पुस्तकाचे आहे, कृपया नोंद घ्यावी.’ निवेदितानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच फोन घेतला.

“पुस्तकपण निघणार आहे म्हणे,” एक काका विचारत होते. “त्यात फोटो रंगीत येणार का? मुलीचा साडीतला पाठवू की सूटमधला?”

स्मितानं कपाळाला हात लावला. मोठ्या संमेलनांत सगळ्या उमेदवारांची माहिती छापलेली परिचय पुस्तिका निघते, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. खुलाशानं संमेलनाचा मान आणखी वाढला होता. वर मोबाइल शिबिरातले ज्येष्ठ नुकतंच शिकलेलं सारं ज्ञान पणाला लावून तो फ्लेक्स महू, देवास, उज्जैनपर्यंत पोहोचवत होते. कोणाकोणाला फोन करून नाही म्हणायचं?

शनिवारी पागेकाकांचा फोन आला. “निवेदिताबाई, फ्लेक्स पाहिला,” ते म्हणाले. “उद्या येतो. बोलायचंय.” आणि फोन ठेवला. घरी जयेशनं समजूत घातली, “अगं, हॉल तर भरेल ना?” त्यावर निवेदितानं त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की तो गुपचूप भांडी आवरायला उठला.

रविवारी हॉल भरला. खुर्च्या संपल्या तेव्हा लोकांनी बालविभागातल्या चिमुकल्या खुर्च्या ओढल्या आणि भरल्या अंगाच्या दोन मावश्या गुडघे हनुवटीला लावून त्यांवर बसल्या. नव्या शर्टांना घड्या तशाच होत्या. मुली मोबाइलमध्ये बघत होत्या आणि त्यांच्या आया मुलांकडे. महूहून आलेले एक निवृत्त सुभेदार दारातच नियम वाचत उभे होते.

“हे पंधरा दिवसांचं काय आहे? ट्रायल? आमच्या वेळी असं नव्हतं.”

“असतं तर बरं झालं असतं,” त्यांच्या बायकोनं म्हटलं आणि ती आत जाऊन बसली.

तेवढ्यात पागेकाका आले. क्रीम रंगाचा कडक इस्त्रीचा झब्बा, केस तेल लावून बसवलेले, चेहरा गंभीर. निवेदिता पुढे झाली तसा त्यांनी हात वर केला, “नंतर बोलू,” आणि ते पहिल्या रांगेत ताठ बसले. आपली नोकरी अर्ध्या दिवसाचीही राहिली नाही, हे तिनं मनाशी धरलं. मग लपवायचं तरी कशाला? तिनं माइक घेतला आणि सरळ सांगून टाकलं.

“माफ करा. चूक आमची आहे. हे संमेलन लग्नाचं नाही, पुस्तकांचं होतं. इथे पुस्तकाचा परिचय करून द्यायचा होता.”

हॉलमध्ये कुजबुज उठली. कोणी म्हणालं, “अरे भिया, देवासहून आलो ना आम्ही!” एक मावशी रागानं उठायला गेली, पण चिमुकली खुर्ची तिच्याबरोबर उठली, त्यामुळे ती परत बसली. मागच्या रांगेतून एक उंच, थोडासा वाकलेला माणूस उभा राहिला. शेजारी बसलेली त्याची आई त्याचा शर्ट धरून खाली ओढत होती.

“मी शंतनु,” तो म्हणाला. “बेचाळीस पूर्ण.”

निवेदितानं डोळे मिटून घेतले.

“मला दर वेळी स्वतःबद्दल बोला म्हणतात. मी पगार सांगतो आणि खाली बसतो. त्यापेक्षा पुस्तकाबद्दल बोललं तर चालेल का?”

कोणी हो म्हणायच्या आत तो कपाटाकडे गेला आणि जुन्या विहिरींवरचं एक पुस्तक काढून घेऊन आला. पाच मिनिटं तो बोलत राहिला. माळव्यात पायऱ्यांच्या किती विहिरी आहेत, कुठल्या बुजल्या, आपण सुट्टीच्या दिवशी स्कूटर घेऊन त्या कशा शोधत हिंडतो, असं सगळं. शेवटी म्हणाला, “मागच्या वेळी हे आधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पंचाईत झाली.”

“तुम्ही आत उतरता, की वरूनच बघता?” एका मुलीनं विचारलं. ही ऋजुता, फोनवर ‘दोन आहेत’ म्हणणाऱ्या गृहस्थांनी आणलेली ‘थोरली’.

“उतरतो.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि त्या गृहस्थांनी घाईघाईनं पेन काढलं.

झालं. बाकीच्यांनाही युक्ती पटली. पगार, उंची आणि गोत्र यांपलीकडे बोलायला काही तरी मिळालं, म्हणून मुलं-मुली कपाटांवर तुटून पडली. वर्षानुवर्षं बंद असलेली दारं करकरली, धूळ उडाली, शिंका आल्या. “भिया, ये वाली पतली है, ये ले,” असे सल्ले ऐकू आले. सुभेदारांनी लढायांचं पुस्तक बायकोच्या हातात दिलं आणि तिनं ते त्यांना परत दिलं. स्मिता सभासदत्वाचे अर्ज शोधायला धावली.

या गडबडीत पागेकाकांनी निवेदिताला दोन कपाटांच्या मधे गाठलं.

“निवेदिताबाई, एक विचारायचं होतं.”

“काका, मी सांगते, पियुषनं ‘पुस्तक’ शब्द—”

“ते नाही हो.” काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. “फ्लेक्सवर ‘सर्व वयोगटांसाठी’ लिहिलंय. म्हणजे नक्की कुठपर्यंत?”

निवेदिताला आधी कळलंच नाही. मग तो झब्बा, ते तेल, आणि आता तिच्या लक्षात आलेला अत्तराचा वास, सगळं एकदम कळलं. चार दिवस छातीवर बसलेला दगड बाजूला झाला. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं, पण काकांचे कान लाल झालेले बघून तिनं हसू गिळलं.

“काका, सर्व म्हणजे सर्व.”

“मग मला एखादं पुस्तक द्या. मी इथलं कधी काही नेलं नाही,” ते म्हणाले. “सोपं बघा.”

तिनं हाताला आलेलं पाककृतींचं पुस्तक दिलं. काका माइकपाशी गेले, चाळून बघितलं आणि एका पानावर थांबले. “मला फक्त खिचडी येते,” ते म्हणाले. “ती गेल्यापासून सकाळी खिचडी, संध्याकाळी खिचडी. रविवारी पापड. यात लिहिलंय ‘मीठ चवीनुसार’. चव सांगणारं घरात कोणी नसलं, तर किती घालायचं ते यात दिलेलं नाही.” एवढं बोलून ते थांबले, पुस्तक मिटलं आणि जागेवर जाऊन बसले. टाळ्यांना सुरुवात सुभेदारांच्या बायकोनं केली.

दुपार होईपर्यंत हॉल रिकामा झाला. जाताना पागेकाका पाककृतींचं पुस्तक काखेत धरून टेबलापाशी थबकले. “त्या कोचिंगवाल्याला मी कळवतो. हॉल रिकामा नाही म्हणून,” ते खाकरत म्हणाले आणि निघून गेले. निवेदिता खुर्चीत मटकन बसली. स्मितानं तिच्यापुढे गार झालेले पोहे ठेवले. शेव मऊ पडली होती, तरी तिला ते अमृतासारखे लागले.

दोन घास खाल्ले असतील तोच वसुधाबाई टेबलाशी आल्या. निवृत्त शिक्षिका, करड्या आवाजाच्या. वाचनालयातलं निम्मं कपाट त्यांनी वाचून संपवलेलं. सकाळी आल्या तेव्हा तिघांना तरी त्यांनी न विचारता सांगितलं होतं, की आपण फक्त भाचीसाठी आलो आहोत. भाची काही आलेली दिसली नव्हती.

“पागे ते पुस्तक घेऊन गेले का?” त्यांनी पर्स उघडत, बंद करत विचारलं.

“हो, नेलं.”

“त्याचा दुसरा भाग आहे ना तुमच्याकडे? गोडाच्या पदार्थांचा?”

“आहे,” निवेदिता म्हणाली.

“मग तो माझ्या नावावर द्या,” वसुधाबाई म्हणाल्या. “आणि त्यांनी विचारलं, तर सांगा कुणी नेलाय ते.”