जांभळ्या कंपनीचा कावळा

माणसाचा संगणक ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचा कावळा त्याच्या पिंडाला शिवतो. त्यामुळे वृंदा खराडेंच्या दहाव्याला जांभळ्या कंपनीचा कावळा वेळेवर घाटावर आला. त्याने पिंडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि तो पायरीवर जाऊन बसला.

"शिवत नाही," गुरुजी म्हणाले.

"ते दिसतंय," प्रकाश खराडे म्हणाले. बायको गेल्यापासून लोक त्यांना दिसणाऱ्याच गोष्टी सांगत होते.

शेजारच्या दगडावर करड्या कंपनीचा कावळा आला आणि पहिल्याच झेपेत अर्धा पिंड घेऊन गेला. तिकडच्या मंडळींनी हात जोडले आणि ती चहाला गेली.

वृंदाचा धाकटा भाऊ उदय पुढे झाला. "आक्का, मी तंबाखू सोडतो."

कावळ्याने मान दुसरीकडे वळवली.

"त्यालाही पटलं नाही," गुरुजी पुटपुटले.

"आक्का, गावाकडचा प्लॉट विकत नाही. तुझी मांजर मी नेतो. आता काय राहिलं सांग तरी!"

तेवढ्यात जांभळं जाकीट घातलेली एक तरुणी पायऱ्या उतरून आली. ती कंपनीची घाटावरची प्रतिनिधी, मृणाल. तिने पिंडाकडे वाकून पाहिलं.

"सर, तांदूळ कुठला?"

"घरचा."

"कंपनीचा वापरावा लागेल. आमचा कावळा बाहेरचा तांदूळ ओळखत नाही."

कंपनीचा तांदूळ वरच्या टपरीवर मिळाला. तो शिजायला कंपनीचंच पातेलं लागलं आणि पातेल्याला कंपनीचीच शेगडी. नवा पिंड मांडला गेला. कावळा जवळ आला, त्याने वास घेतला आणि तो परत पायरीवर गेला.

"आता पिंड बरोबर आहे," मृणाल समाधानाने म्हणाली. "म्हणजे मॅडमचीच काहीतरी इच्छा राहिली असणार."

"दर्भाचा कावळा करू," गुरुजी म्हणाले. त्यांना पुढे अजून एक दहावा होता. "शास्त्रात सोय आहे."

"शास्त्रात असेल, गुरुजी. पण दर्भाचा कावळा आमच्याकडे धरत नाहीत."

"आणि नाहीच शिवला तर?" उदयने विचारलं.

"मॅडम खात्यातच राहतील. सुरक्षित राहतील, पण पुढे जाणार नाहीत."

खराडे उठून उभे राहिले. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं आणि वर्गात आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आताही त्यांनी तो चढवला नाही.

"याला मक्तेदारी म्हणतात."

"कशी, सर? याच घाटावर तीन कंपन्यांचे कावळे आहेत. हवा तो निवडता येतो."

"मग तो करडा बोलवा."

"मॅडमसाठी नाही बोलवता येणार. त्यांनी आमचा निवडला होता."

"संगणक निवडला होता. कावळा नव्हे."

"एकच की, सर. अख्ख्या घाटावर एकच कावळा असता तर मक्तेदारी. इथे फक्त प्रत्येकाला एकच आहे."

"तिला करड्याकडे हलवायचं असेल तर?"

"त्यांना स्वतः मोबाइलवरून संमती द्यावी लागेल."

"अहो, ती गेलीय!"

"हो, सर. ते आमच्याकडे नोंदलेलं आहे."

उदयने कपाळाला हात लावला. एवढ्यात एक भुरकट कावळा कुठूनसा उड्या मारत पिंडाकडे आला. मृणालने त्याला ओढणीने हुसकावलं.

"हा कुणाचाच नाही, सर. त्याचं पोट भरेल, मॅडमना काही पोचणार नाही."

खराडे त्या उडून जाणाऱ्या कावळ्याकडे बघत राहिले. त्यांचा स्वतःचा संगणक त्यांनी सुटे भाग आणून घरी जोडला होता. तसल्या संगणकवाल्यांना येईल तो कावळा चालतो, याचं त्यांना नेहमी बरं वाटत आलं होतं. वृंदाच्या जांभळ्या संगणकातले फोटो मात्र त्यांच्याकडे उघडत नसत. "अहो, एवढं जांभळं घ्या ना," ती म्हणायची. "दोघांनी दोन खोल्यांत बसून एकाच सहलीचे आपापले फोटो काय बघायचे?" ते म्हणायचे, "आज फोटो आहेत, उद्या घराची किल्ली मागतील." त्यावर ती हसायची. "किल्ली कधीच दिली मी त्यांना. बाहेर तुम्हीच राहिलात."

कावळा आता सरळ त्यांच्याकडेच बघत होता.

"दाजी," उदय हळूच म्हणाला, "तुम्हाला ठाऊक आहे वाटतं."

"मला ठाऊक आहे. पण हे तिला हवंय की कंपनीला, ते कसं कळणार?"

मृणाल नम्रपणे म्हणाली, "तसा फरक आम्ही करत नाही, सर."

"बोला की, दाजी. तिला किती वेळ ताटकळत ठेवायचं?"

ऊन चढलं होतं. गुरुजींनी घड्याळ बघायचं सोडून नदीकडे बघायला सुरुवात केली होती. खराडेंनी हात जोडले. ते जोडताना त्यांच्या चेहऱ्यावर भक्तीपेक्षा वैताग जास्त होता, आणि वृंदाला तो चेहरा चांगला ओळखीचा होता.

"घेतो," ते म्हणाले. "जांभळा घेतो. झालं समाधान? जा आता."

कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

उदय रडायला लागला. गुरुजी पुढच्या दहाव्याला गेले. मृणालने थोडा वेळ जाऊ दिला, मग कठड्यावर बसलेल्या एका कोवळ्या कावळ्याकडे बोट केलं.

"संगणक उद्या घरी येईल, सर. आणि हा तुमचा. आतापासून रोज येईल. तुमच्या आवडीनिवडी त्याला कळायला हव्यात."

दुसऱ्या दिवशी संगणक आला. खराडेंनी तो वृंदाच्या टेबलावर, तिच्या संगणकाशेजारी ठेवला. फोटो उघडले. महाबळेश्वरच्या सहलीचे होते. बहुतेकांत ते स्वतःच होते, कारण काढणारी ती होती.

खिडकीबाहेर कोवळा कावळा येऊन बसला. खराडेंनी तावदान सरकवलं, पण तो आत येईना. मृणालला फोन लावला तेव्हा तिने आधी खिडकीच्या ग्रिलचा फोटो मागवला.

"ग्रिल बाहेरचं आहे, सर. त्यातून तो येणार नाही."

"मग?"

"ग्रिल बदलून घ्या. नाहीतर तुम्ही बाहेर बसा."

खराडेंनी फोन ठेवला. संगणक एका हातात आणि खुर्ची दुसऱ्या हातात घेऊन ते बाल्कनीत गेले. कावळा कठड्यावरून थोडा सरकला. त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि पहिल्या फोटोपासून पुन्हा सुरुवात केली.