पाटोळेबाईंच्या आठ्या

आमच्या पाटोळेबाई रोज सकाळी कपाळाला फूटपट्टी लावतात. भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या हळूहळू परत येतायत, त्यांची लांबी मोजायची आणि चौकटीच्या वहीत लिहून ठेवायची. "डावी अठरा मिलिमीटर, उजवी सोळा," हे त्यांनी मला भिंगारच्या बाजारात वांगी निवडता निवडता सांगितलं. मी हातातली वांगी खाली ठेवली.

बाई गणिताच्या, मी मराठीचा. बावीस वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या, आणि रिटायर झालो तरी सुटका नाही, कारण त्यांचं घर माझ्या घरापासून तिसरं. लग्न केलं नाही. रविवारी चर्च, बाकीचे सहा दिवस जगाच्या चुका काढणं. तुम्ही सहज म्हणालात, "आज फार उकडतंय," तर बाई म्हणणार, "सिद्ध करा."

आणि त्या आठ्या! बाप रे बाप. परीक्षेच्या हॉलमध्ये बाईंना नुसतं उभं केलं की कॉप्या आपोआप खिडकीबाहेर जायच्या. तपासणीला साहेब आले की हेडमास्तर मुद्दाम बाईंना त्यांच्यासमोर बसवायचे. साहेब चहा अर्धा टाकून निघायचे. एकदा शाळेच्या ग्रुप फोटोच्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, "बाई, जरा हसा की." बाई म्हणाल्या, "हसतेच आहे." त्या बिचाऱ्यानं घाईघाईनं बटण दाबलं.

अशा या बाई गेल्या हिवाळ्यात माझ्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "सर, मी बोटॉक्स घेणार आहे. नगरला डॉक्टर बघून ठेवलाय."

"काय घेणार?"

"इंजेक्शन. आठ्या पाडणारा स्नायू ढिला पडतो. पंधरा दिवसांत कपाळ सपाट. चार महिन्यांनी परत होतं तसं."

"अहो बाई, सदुसष्टाव्या वर्षी हे काय खूळ?"

"वयाचा काय संबंध? सिद्ध करा."

मी काय सिद्ध करणार, कपाळ! मग त्यांनीच कारण सांगितलं. कर्जतला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, मनूच्या नातीचं लग्न होतं. मनूची भानगड अख्ख्या भिंगारला ठाऊक आहे. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी तिनं चर्चबाहेर, कर्जतच्या एका शेतकऱ्याच्या घरात लग्न केलं. आईवडील कसेबसे तयार झाले. थोरली अजून बिनलग्नाची, धाकटी बोहल्यावर. आणि ही थोरली पहिल्या रांगेत बसून अक्षता पडेपर्यंत कपाळाला आठ्या घालून धाकटीकडे बघत होती. मनूनं बोलणं टाकलं. बाईंनीही टाकलं. हट्टात दोघी एकाच आईच्या. आता त्या नातीनंच, म्हणजे नवरीनं, स्वतः फोन करून या आजीला बोलावलं होतं.

"या खेपेला बिघडलं तर पुन्हा जुळायचं नाही, सर," बाई म्हणाल्या. "दोघींची वयं झाली."

लग्नाच्या बरोबर पंधरा दिवस आधीची तारीख धरून बाई इंजेक्शन घेऊन आल्या. चार तास आडवं व्हायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं, म्हणून या चार तास घड्याळ समोर ठेवून खुर्चीत ताठ बसल्या. मी डोकावलो तर म्हणाल्या, "एक तास बावीस मिनिटं उरलीत."

आठवड्याभरात कपाळ असं झालं की जणू इस्त्रीच फिरवलीय. पण बाईंची पंचाईत झाली. राग आला तरी कुणाला कळेना. एरवी चळाचळा कापणारा टोमॅटोवाला म्हणाला, "काय बाई, आज लई खुशीत दिसताय!" आणि खुशाल दोन नासके टोमॅटो पिशवीत टाकले. बाई त्याला म्हणाल्या, "लक्षात घ्या, मी आत्ता रागावलेली आहे." तो अजूनच हसला. मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

लग्नाला त्यांनी मला बरोबर नेलं. एसटीत कर्जतपर्यंत पर्सची चेन सारखी उघडत आणि लावत होत्या. मंगल कार्यालयाच्या दारात नऊवारीतली एक बाई पाहुण्यांना हळदीकुंकू लावत उभी होती. तीच मनू. आम्हाला बघून तिचा हात थांबला. ती जवळ आली आणि बाईंच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"आक्का, तुज्या कपाळाला काय झालं गं?"

"इंजेक्शन घेतलं. आठ्या जायला."

"कशापायी?"

"तुला पुन्हा वाटायला नको, मी रागावलेय म्हणून."

"पुन्हा म्हंजी? तवा रागावली न्हवतीस व्हय?"

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मला तू दिसत नव्हतीस, मनू. स्थळाकडची माणसं बघतील म्हणून आईनं त्या दिवशी माझा चष्मा काढून घेतला होता. मी डोळे बारीक करकरून तुझं तोंड बघायला बसले होते. शेवटपर्यंत दिसलं नाही."

"मंग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"तू विचारलंस कुठं?"

मी खाली बघितलं. मनूनं विचारलं नाही, ते रागानं. मी बावीस वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून त्या आठ्यांवर विनोद केले, आणि मलाही एकदा विचारावंसं वाटलं नाही. शरम वाटली मला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत अंतरपाट धरला होता, आतून कुणीतरी मनूला हाका मारत होतं. तिनं तिकडं लक्षच दिलं नाही. बाईंच्या हातातला चष्मा घेऊन तिनं तो स्वतःच्या हातानं त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

"आता दिसती का मी?"

"दिसतेस."

"कशी दिसती?"

बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि कपाळ मात्र ढिम्म हलत नव्हतं. "म्हातारी झालीस गं," त्या म्हणाल्या, आणि मनूनं भर दारात त्यांच्या गळ्यात हात टाकले.