मास्क घरीच तपासून घ्यावा

पलंगावर पसरलेल्या सामानाकडे गुरुजी डोळे बारीक करून पाहत होते. लांब बाह्यांचे पोहायचे दोन सदरे, दोन टोप्या, उलटीच्या गोळ्या, पाणी न शिरणारी पिशवी, उन्हाचं मलम, दोन मास्क आणि श्वास घ्यायच्या दोन नळ्या. बायकोने ऑफिसला जाताना कपाटाच्या दाराला यादी चिकटवली होती. अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी. एवढी मोठी अक्षरं का काढावी लागली, हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं.

गुरुजींनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. तीस वर्षं ते एका छापखान्यात प्रुफं तपासत होते. पण न्हाव्याच्या पाटीवरची वेलांटीसुद्धा त्यांना स्वस्थ बसू देत नसे, म्हणून गल्लीने त्यांना गुरुजी करून टाकलं होतं. तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "नजरेचं वर्तुळ आवळत चाललंय. अजून वर्षभर मधलं मधलं दिसेल. मग तेही जाईल. काय बघायचं ते बघून घ्या."

"औषध?"

"नाही."

घरी आल्यावर बायको रडली नाही. ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून तिने विचारलं, "मग काय बघायचंय तुम्हाला?"

"मासे."

"बाजारात जाऊ या की सकाळी."

"जिवंत. त्यांच्या घरी जाऊन."

असा हा प्रवास ठरला. ऐन उन्हाळ्यात समुद्र शांत असतो, पाणी काचेसारखं असतं, असं सहलवाल्याने सांगितलं होतं. कारण मात्र कुणालाच कळू द्यायचं नाही, असं गुरुजींनी बायकोकडून वचन घेतलं होतं. मालकांना कळलं तर नोकरी जाणार. थोरल्या ताईला कळलं तर ती गल्लीभर ऐकू जाईल असं रडणार. दुसरी शक्यता त्यांना जास्त भयंकर वाटत होती.

ताईला प्रवासाचंच एवढं आश्चर्य वाटलं होतं की ती रोज फोन करून भावजयीला विचारत होती, "अगं, सावलीतनं उन्हात न येणारा माणूस समुद्रात कसा निघाला? तू काही बोललीस का त्याला?"

निघायला एक दिवस उरला होता. दुपारचे तीन वाजले होते आणि यादीतली दोन कामं बाकी होती. 'मलम आदल्या दिवशी लावून पाहणे, पुरळ येतं का.' आणि 'मास्क पाण्यात तपासणे.'

त्याआधी गुरुजींनी एक तिसरं काम उरकलं, जे यादीत नव्हतं. त्यांनी मालकांना पत्र लिहिलं; लपवून काम करत राहणं त्यांना आता सोसत नव्हतं. समोरासमोर सांगायचा धीर नव्हता, म्हणून जाताना टपालात टाकू, असं ठरवलं होतं. पत्र बॅगेवर उघडं ठेवून ते न्हाणीघरात गेले.

ते मलम पाण्यातल्या जिवांना अपाय करत नाही म्हणून बायकोने मुद्दाम मागवलं होतं. माणसाच्या रूपाचं काय होतं, हे डबीवर लिहिलं नव्हतं. ते चुन्यासारखं पांढरं होतं आणि चोळलं तरी मुरत नव्हतं. गुरुजींनी तोंडाला, मानेला, हातांना लावलं. मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरतं, तेव्हा मिशीला पेट्रोलियम जेली चोपडावी, असंही सहलवाल्याच्या कागदावर होतं. तीही त्यांनी सढळ हाताने चोपडली. मग कपडे धुवायचा मोठा टब काठोकाठ भरला, मास्क चढवला, नळी तोंडात धरली आणि गुडघे टेकून डोकं पाण्यात घातलं.

बरं वाटलं. आत टबाचा निळा तळ दिसत होता. कडेचा अंधार पाण्यात तेवढा जाणवत नव्हता. गुरुजी स्तब्ध राहिले.

याच वेळी समोरच्या घरातले निवृत्त कंपाउंडर कुंड्यांना पाणी घालण्याबद्दल विचारायला आले. किल्ली त्यांच्याकडेच असे. हाक मारली, उत्तर आलं नाही. आत आले तर बॅगेवर पत्र. दुसऱ्याचं पत्र वाचणं वाईट, हे त्यांना माहीत होतं, पण ते उघडंच होतं.

'मा. मालक, मी उद्या समुद्रात जात आहे. परत येणार नाही. माझी दृष्टी संपत आली आहे आणि यापुढे मी आपल्या उपयोगाचा उरलेलो नाही. कुणाला दोष देऊ नये. चूकभूल क्षमा असावी.'

"उद्याची वाट कशाला बघेल हा?" असं म्हणून कंपाउंडर न्हाणीघराकडे धावले. दार अर्धं उघडं होतं. समोर गुरुजी ओणवे, डोकं टबात, हालचाल शून्य.

त्यांनी दोन्ही पाय धरून खेचलं.

मागून कुणी आलंय, हे गुरुजींना कळलंच नव्हतं. नळी वाकडी झाली, मास्क निसटला, टबाची कड छातीत बसली आणि पाण्याचा लोंढा घशात गेला. त्या दिवशी ते बुडाले ते फक्त वाचवले जात असताना. बाहेर आले तेव्हा डोळे तांबारलेले, चेहरा पांढराफटक, मिशीवरून फेसासारखं काहीतरी ओघळतंय.

"अरे देवा! विषही घेतलंय!" कंपाउंडर ओरडले. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचे हात चालू लागले. आधी पाठीवर बसून पाणी काढलं. मग गुरुजींना ओढत पलंगावर नेलं आणि स्वयंपाकघरातून तांब्याभर मीठपाणी आणून त्यांच्या नरड्यात ओतलं.

"अहो, म्... मलम..."

"बोलू नका! सगळं बाहेर पडू दे."

सगळं बाहेर पडलं. दोन पोहायच्या सदऱ्यांवर आणि एका टोपीवर पडलं. समुद्राचं पाणी पोटात गेलं तर काय होतं, याची तालीमही अशी घरीच झाली.

पुढच्या पाऊण तासात कंपाउंडरांनी पत्राच्या कागदावर छापलेला छापखान्याचा नंबर फिरवून मालकांना बोलावलं आणि ताईला "गुरुजींनी काहीतरी करून घेतलंय, पण अजून आहेत" एवढंच सांगितलं. ताई अनवाणी आली. पाठोपाठ बायको ऑफिसातून धावत आली, तर दारातच ताईने तिचा दंड धरला.

"काय बोललीस माझ्या भावाला? खरं सांग! कसला जाच केलास?"

बायकोने पलंगावर गोधडीत गुंडाळलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. ओठ मिटून घेतले. वचन दिलेलं होतं.

"बघा, गप्प बसली! म्हणजे आहेच काहीतरी!"

"ताई, तिला सोड," गुरुजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझे डोळे चाललेत."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? जाताहेत. वर्षभरात काहीच दिसणार नाही. म्हणून समुद्र बघायला निघालोय. जीव द्यायला नाही. कंपाउंडर आले नसते तर जिवाला काही धोकाही नव्हता."

ताईने बायकोचा दंड सोडला. ती जोराने रडेल म्हणून गुरुजींनी डोळे मिटून घेतले होते, पण काहीच ऐकू आलं नाही. ताई पलंगाच्या कडेला बसली, पदराने त्यांच्या मिशीवरची जेली पुसू लागली. ते न रडणं गुरुजींना रडण्याहून जड गेलं.

कंपाउंडर हातात पत्र धरून पुटपुटले, "पण इथे स्पष्ट लिहिलंय, परत येणार नाही."

"आठ दिवस परत येणार नाही, असं लिहिलंय मी."

"आठ दिवस कुठे आहेत?"

एव्हाना येऊन दाराशी उभे राहिलेले मालक पत्राजवळ आले. चष्मा वर सरकवून त्यांनी ते वाचलं. मग खिशातली लाल पेन्सिल काढून 'परत'च्या आधी एक खूण केली आणि वर दोन शब्द लिहिले. "राहिलंय," ते हळूच म्हणाले.

गुरुजींनी पत्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. तीस वर्षांत त्यांनी लोकांचे हजारो सुटलेले शब्द पकडले होते. स्वतःचे हे दोन मात्र दिसले नव्हते.

"आठ दिवसांनीही कामावर येत नाही मी," ते म्हणाले.

"गेली दोन वर्षं तुमची प्रुफं मी घरी नेऊन पुन्हा तपासतोय," मालक म्हणाले. "तुम्हाला कसं सांगावं, हेच मला कळत नव्हतं. आता निदान उघडपणे तपासता येतील. आठ दिवसांनी या. कुणीतरी वाचून दाखवेल, तुम्ही कान लावा. तुमच्या कानांना काय झालंय?"

"मिठाचं पाणी गेलंय," गुरुजी म्हणाले. खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. ती बायको होती, आणि तिला ते थांबवता येईना. हसता हसता ती कधी रडू लागली, ते तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. सदरे रात्रीतून वाळले होते. छातीवर टबाच्या कडेचा निळा व्रण होता, त्यामुळे श्वास घेताना कळ येत होती. तिसऱ्या सकाळी खलाशाने त्यांना होडीतून उथळ पाण्यात उतरवलं आणि दोरीला धरून तरंगायला सांगितलं.

गुरुजींनी डोकं खाली घातलं. मधल्या छोट्या वर्तुळातून एक पोपटमासा गेला. मग पिवळ्या माशांचा थवा. मान वळवली की आणखी काही वर्तुळात येत होतं. आणि मग खालून, कसलीही घाई नसलेलं एक कासव वर आलं, दोघांच्या मधून, बायकोच्या कोपराला जवळजवळ घासून गेलं.

गुरुजींनी डोकं वर काढलं. "पाहिलंस?"

बायकोने दोरी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. मास्कच्या काचेआड तिचे डोळे गच्च मिटलेले होते.

"अगं, डोळे उघड!"

"अजिबात नाही. खाली किती खोल असेल! तुम्ही सांगा मला. काय होतं?"

मग गुरुजींनी सांगितलं. पाठीवरची नक्षी, वल्ह्यासारखे पाय, म्हातारा चेहरा, डोळ्यापाशी चिकटलेलं शेवाळ. ती डोळे मिटूनच "मग? पुढे?" करत राहिली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. बायकोने तो घेतला आणि अर्धा तास कासव सांगितलं. नक्षी, पाय, चेहरा, शेवाळ, कशातच कमी नाही. वर कासव आपल्याकडे वळून बघत होतं, हे तिचं स्वतःचं.

गुरुजी शेजारी बसून ऐकत होते. पलीकडून ताईचा आवाज खणखणीत आला, "बरं झालं बाई तू होतीस बरोबर! नाहीतर त्याला बिचाऱ्याला काय दिसणार होतं!"