चौथ्या मजल्यावरची झोप

मारोतराव कधीच निवृत्त झाले, पण दुपारचं झोपायला अजून कचेरीत येतात. घरी पलंग आहे, कूलर आहे, फक्त झोप नाही. जेवण झालं की पायी येणार, नांदेडातल्या आमच्या जुन्या टावरचे जिने चढणार आणि चौथ्या मजल्यावर, आवक-जावकच्या खोलीत, खांबाला पाठ लावून गाढ.

नोकरीत होते तेव्हाही हेच. साहेब आले की आम्ही टेबल वाजवायचो, मारोतराव डोळे न उघडता म्हणायचे, "हाव, चालू हाय." एकदा लातूरला बदली झाली, तर माणूस जागून जागून वाळला आणि अर्ज-विनंत्या करून परत आला. झोपेसाठी बदली रद्द करून घेणारा उभ्या मराठवाड्यात हा एकच असावा.

टावर म्हणजे पाचच मजले. पण बांधला तेव्हा कंधारहून लोक बघायला यायचे म्हणे. यंदा त्याचं नूतनीकरण निघालं. नव्या खिडक्या, लिफ्ट, खोल्यांना पीओपीचं छत. आमच्या खोलीत त्या छताला एक लोखंडी कडी आडवी आली. बीममधून निघालेली, रंगाचे थर चढून गुळगुळीत झालेली. ठेकेदाराचा माणूस शिडी आणि कटर घेऊन आला तसे मारोतराव खडबडून उठले आणि कडीखाली जाऊन उभे राहिले. हलेचनात.

मी चहाला नेलं तेव्हा कुठे बोलले. त्यांची माय या इमारतीवर मजूर होती. वरच्या स्लॅबला घमेली वाहायची आणि तान्ह्या मारोतरावांची झोळी त्या कडीला बांधायची. पोरगा इथंच नोकरीला लागला तेव्हा ती बघायला आली. खुर्चीकडं पाहिलंच नाही, वर बघून हसली.

ठेकेदार भला माणूस, पण काम ते काम. उद्या कापू, एवढीच सवलत त्यानं दिली.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो तर कडीला लुगड्याची झोळी. कामावरची एक बाई लेकराला उन्हात निजवत होती, मारोतरावांनीच तिला वर बोलावून बांधायला लावली होती. ती खाली फरशा वाहत होती. आणि मारोतराव भर दुपारी टक्क जागे, दोरी ओढत बसलेले. झोळी हलत होती, खिडकीतून गोदावरीकडचा वारा येत होता.

कटरवाला दारात आला. मारोतरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"उठल्यावर काप," ते हळूच म्हणाले. "आत्ताच निजलंय."