खाट मोजणारा इंजिनियर

कोत्तावारसाहेब कोणाच्याही घरी गेले की आधी खाट मोजायचे. चहा मागाहून. खिशातून फीत काढायची, खाटेवर बसलेल्याला "उठा जरा" म्हणायचं आणि वाकायचं. मी चांद्याच्या बांधकाम ऑफिसात नकाशे गिरवणारा ट्रेसर, ते माझे इंजिनियर, आणि आमचे क्वार्टर शेजारीशेजारी. त्यामुळे माझी खाट चारदा मोजून झाली होती. पाचव्यांदा बायको भडकली. "जित्या माणसाची खाट मोजून राह्यले! तिरडी बांधाची हाये का?"

"बाई, तिरडी लई अरुंद राह्यते," साहेब शांतपणे म्हणाले.

असला हा माणूस! स्वतःच्या घरात मात्र चटई. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खाट घेतली तं उचलाले चौघं पाह्यजेत. मी एकटा. कुठून आणू?"

मला वाटलं, थट्टा करताहेत.

डोकं मात्र जबरदस्त. गडचिरोलीपलीकडं जांभूळहेटी नावाचं गाव पावसाळाभर नाल्यामुळं तुटायचं. पात्रात खांब टिकत नव्हते. साहेबांनी कोळसाखाणीतले टाकून दिलेले तारदोर मिळवले, दोन्ही काठांवर सागाचे खांब धरले आणि मधे बांबूंचा झुलता पूल टांगला. अर्थात कागदावर. गिरवताना मी खूश झालो, पण रुंदी बघून हात थांबला. साडेचार फूट!

नागपूरच्या मोठ्या साहेबांनी येऊन नेमकं तेच धरलं. "पायी जायचा पूल आहे ना? दोन फूट करा."

"दोन फुटात खाट नाई जात, सर."

"पुलावर झोपायचंय का कोणाला?"

ऑफिसभर हशा. मीही हसलो, मेला!

साहेब हसले नाहीत. "बिमार माणूस इकडं खाटेवरच दवाखान्यात जाते. चौघं उचलतेत. खाट नाई गेली तं पुलापाशी आणून तो माणूस तिथीच मरन. साडेचार फूट, नाईतर मले इथून काढा."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी टेबलाकडं. मग त्यांनी गुमान सही केली.

पूल झाला. पहिल्याच पावसाळ्यात आम्ही दोघं तो बघायला गेलो आणि जांभूळहेटीतच साहेबांना हिवतापानं आडवं केलं. खाली नाला फुगलेला. मी धावत चार माणसं बोलवायला गेलो, तर अकरा आली. वर कोण खांदा लावणार म्हणून भांडायला लागली!

पुलाच्या मधोमध साहेबांनी खाटेवरून दोन्ही हात बाहेर काढून चाचपले. "पुरते बे," पुटपुटले. मग मान उचलली. "ट्रेसर, किती जण हायेत?"

"अकरा. मी बारावा."

"चौघंच लागतेत."

"सांगितलं, साहेब. ऐकतच नाहीत."

त्यांनी घोंगडी तोंडावर ओढली. ती गदगदा हलायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "हीव चढलं." मी म्हटलं, "हो, हीवच."

बरे झाल्यावर साहेबांनी काय करावं? खाट घेतली! आम्ही नवराबायको बघायला गेलो तेव्हा तिच्यावर ऐटीत बसले होते. माझ्या बायकोनं त्यांच्या खिशातली फीत काढून घेतली आणि म्हणाली, "उठा जरा."