नेम कुणाचा

थेटेसाहेब घराची किल्ली खुंटीवर कधी टांगत नसत. दारातूनच फेकत. सात फुटांवरच्या खुंटीला ती अडकली, की बूट काढता काढता एकच शब्द म्हणत, "नेम!" खाली पडली तर म्हणत, "पंखा चालू होता." थंडीत पंखा बंद असायचा. तेव्हा म्हणत, "वारा."

नाशिक रोडला आमच्या इमारतीत ते वर राहत आणि मी त्यांच्या बरोब्बर खाली. किल्ली पडली की माझ्या डोक्यावर 'खण्ण' व्हायचं. वीस वर्षं ऐकलं मी ते. साहेबांच्या मते त्या वीस वर्षांत त्यांचा नेम एकदाही चुकलेला नाही. वारा मात्र फार सुटायचा.

सातपूरच्या एका कारखान्यात ते मालाची तपासणी करत. केसभर कमी-जास्त असलेला तुकडा ते नुसत्या बोटांनी ओळखत, आणि हे ते स्वतःच सांगत. 'नशीब' हा शब्द त्यांच्यापुढे चालत नसे. एकदा मी सहज म्हणालो, "नशीब, आज बस मिळाली."

"नशीब नाही, सोनवणे. तुम्ही वेळेवर निघालात."

"अहो, मी उशिराच निघालो होतो. बसही उशिरा आली."

"मग ड्रायव्हरचं चुकलं," साहेब म्हणाले आणि विषय संपला.

एकदा गणपतीत हाउजीत त्यांना प्रेशर कुकर लागला. त्यांनी तो स्टेजवरच परत केला. "ज्यात नेम नाही ते बक्षीस मला नको!" टाळ्या पडल्या. टाळ्या संपायच्या आत कमलवहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, पदर खोचून स्टेजवर चढल्या आणि कुकर काखेत मारून खाली आल्या. "नेम नसला तरी डाळ शिजती," एवढंच त्या म्हणाल्या. टाळ्या पुन्हा पडल्या, आणि या जरा जास्त होत्या.

वहिनी लासलगावकडच्या. त्यांचाही एक नेम होता, पण वेगळा. सकाळी एकशे आठ वेळा जप करायचा आणि गेटजवळच्या औदुंबराला तांब्याभर पाणी घालायचं. ते झाल्याशिवाय चहा नाही. ताप असो, पाहुणे असोत. साहेब त्यांची थट्टा करायचे. तोंड धुऊन झालं की वरच्या गॅलरीतून तांब्यातलं उरलेलं पाणी ते औदुंबराच्या बुंध्यावर भिरकावत आणि ओरडत, "अगं, झाला बघ तुझा नेम! वरच्या वर!" ते पाणी निम्म्या वेळा माझ्या वाळत घातलेल्या शर्टावर पडे.

अशा माणसाला गोल्फ भेटला. कारखान्यातला एक जर्मन इंजिनिअर मायदेशी परत जाताना आपली गोल्फची पिशवी साहेबांना देऊन गेला. झालं! साहेब दर रविवारी गंगापूरला भावाच्या मळ्यात सराव करू लागले. एक चेंडू फ्लॉवरच्या गड्ड्यात रुतून थेट मार्केटला गेला, तेव्हा भावानं हात जोडले. "दादा, तू पत्ते खेळ."

नाशिकमध्ये गोल्फ खेळतो म्हणून सांगणं सोपं नाही. गावात गोल्फ क्लब नावाचं मैदान आहे आणि तिथं गोल्फ सोडून सगळं चालतं. साहेबांनी सासऱ्यांना अभिमानानं सांगितलं, "मी गोल्फ खेळतो." सासरे म्हणाले, "बरं करताय. सकाळचं चालणं चांगलंच. साखर उतरली का?"

शेवटी सिन्नरच्या वाटेवर एका हौशी कारखानदारानं माळावर गोल्फचं छोटं मैदान केलं, तिथं साहेब जाऊ लागले. तिथला कारभार एक निवृत्त कर्नल बघत. जन्म सगळा फौजेत गेलेला, मराठी जेमतेम. हिरवळ म्हणाल तर पावसाळ्यात. एरवी कुसळं आणि खडक. चेंडू लांबच्या भोकात तीन फटक्यांत घातला तरी तिथं लोक पाठ थोपटत. एकाच फटक्यात गेला तर तो 'होल इन वन', आणि तसं करणाऱ्याचं नाव क्लबातल्या बोर्डावर कायमचं लागे. बोर्डावर तेव्हा एकही नाव नव्हतं. साहेबांना ते कोरं लाकूड झोप लागू देईना. "पहिलं नाव माझंच," ते म्हणत. "नेमाचं काम आहे."

मग तो सोमवार आला. वहिनींच्या भाच्याचा सिन्नरला साखरपुडा होता. साहेबांच्या स्कूटरला साइडकार होती, तीत आहेराच्या पिशव्यांसकट मला कोंबलं होतं. वाटेत मैदान लागलं आणि स्कूटर आपोआप वळली. "एकच फटका," साहेब म्हणाले. निघायच्या घाईत वहिनींचा जप राहिला होता. त्या कडुनिंबाखाली टेकल्या, डोळे मिटले आणि जपाला लागल्या. आणि मी? मी नेमका तेव्हाच लघवीला बाभळीमागे गेलो.

त्यामुळे मी जे सांगतो ते ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. आधी 'ठक्', मग 'टण्ण', मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग सिन्नरपर्यंत जाईल अशी आरोळी, "नेऽऽम!"

मी धावत आलो. चेंडू भोकात होता. साहेब कानात वारं शिरलेल्या वासरासारखे भोकाभोवती फिरत होते.

"साहेब, 'टण्ण' कसला वाजला?"

"खडक. खडकावरच मारायचा होता. कॅरममध्ये रिबाउंड मारत नाही का आपण?"

आम्ही क्लबात गेलो. कर्नलसाहेबांनी हात मिळवला आणि विचारलं, "किसने देखा?" साक्षीदार असल्याशिवाय बोर्डावर नाव नाही, असा नियम. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाभळीकडे पाहिलं. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. एक 'हो' म्हणायचं होतं हो, एक 'हो'!

"खरं सांगू का," वहिनी म्हणाल्या, "मी नाय पाहिलं. जपात होते. खोटं कसं बोलू, माळ अजून हातात हाय."

साखरपुड्यात साहेब जेवले नाहीत. आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते भांडायलाच. मग तेच भांडण वर्षानुवर्षं माझ्या डोक्यावर चाललं.

"माझ्या नेमानं गेला तो!"

"माझ्या नेमानं! जपाला लय ताकद असती."

"तू डोळे मिटले होतेस!"

"म्हनून तर गेला. तुमचं बघितलं असतं, तर कशाला जातोय?"

दोघंही 'नेम माझा, नेम माझा' म्हणत आणि खाली मला कुणाची सरशी झाली तेच कळेना. साहेबांनी कर्नलना तीन अर्ज केले. तिन्ही परत आले. कॉलनीतली पोरंटोरंसुद्धा साहेबांना बघून "टण्ण!" म्हणू लागली. हसायला मीही असायचो, कशाला खोटं बोलू.

असा काळ गेला. साहेब निवृत्त झाले, ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले. आणि एका उन्हाळ्यात वहिनी पंधरा दिवसांच्या दुखण्यानं गेल्या.

वरचं भांडण बंद झालं. किल्ली पडल्याचा आवाजही येईना. मला वाटलं, म्हातारपणी नेम बसायला लागला की काय. एके सकाळी गेटपाशी पाहतो तर साहेब तांब्या घेऊन औदुंबराशी ओणवे. गुडघे दुखत असतानाही एवढे जिने उतरून आलेले. बुंध्याशी अगदी जवळ तांब्या नेऊन धार सोडत होते.

"साहेब, आज वरून नाही टाकलं?" मी जुन्या सवयीनं चेष्टा केली.

ते वळले नाहीत. "नको," म्हणाले. "चुकलं तर?"

या माणसाच्या तोंडून हे! शर्ट ओला झाला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

पुढं क्लबात नवा बोर्ड करायचा निघाला. कर्नलही थकले होते, मऊ झाले होते. त्यांनी फोन केला, "थेटे, गवाह छोडो. लिखके दे दो, जो नाम लिखोगे वो डाल देंगे." साहेबांनी मला बोलावून चिठ्ठी दाखवली. तपासनिसाच्या टाकटूक अक्षरात दोनच ओळी होत्या:

फटका : रामनाथ थेटे
नेम : सौ. कमल थेटे

'सौ.'च्या आधी 'कै.' लावलं नव्हतं. सिन्नरची बस पकडून चिठ्ठी मीच पोहोचती केली. बाभळीमागचं तेवढं तरी फिटावं.

महिन्याभरानं आम्ही दोघं बोर्ड बघायला गेलो. काळ्या लाकडावर पहिलंच नाव सोनेरी इंग्रजी अक्षरांत होतं: मिसेस के. थेटे. साहेबांचं नाव कुठंच नाही. कर्नलना 'फटका' कळला नव्हता, 'नेम' मात्र कळला. तो त्यांनी इंग्रजीतला समजला. नेम म्हणजे नाव! आणि त्यापुढं जे लिहिलं होतं तेच नाव पेंटरला दिलं.

माझं डोकं फिरलं. "चला, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करून घेऊ! सगळा जन्म घातलात तुम्ही या एका ओळीसाठी!"

"राहू द्या," साहेब म्हणाले. खिशातून रुमाल काढून त्यांनी 'के'वरची धूळ पुसली. नव्या बोर्डावर कसली आलीय धूळ? तरी पुसली.

तेवढ्यात एक तरणे मेंबर आले, बोर्डाकडे पाहून म्हणाले, "काका, या मिसेस थेटे भारीच खेळत असतील, नाही?"

"खेळायची नाही हो," साहेब म्हणाले. "डोळे मिटून बसायची."

"मग हे कसं काय?"

साहेबांनी रुमालाची घडी केली. खिशात ठेवली. मी वाट बघत होतो त्या एका शब्दाची, वीस वर्षं ऐकलेल्या.

"नशीब," साहेब म्हणाले. "माझं."